३१ ऑगस्ट : 'छावा'कार शिवाजी सावंत यांचा जन्म

कादंबरीकार शिवाजी सावंत यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९४० रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा येथे झाला. प्रथम न्यायालयात कारकुनी, मग कोल्हापुरातील राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षकी आणि पुढे पुण्यात 'लोकशिक्षण' मासिकाचे संपादन असा त्यांचा प्रवास झाला. शिक्षक असतानाच १९६७ मध्ये कर्णाच्या जीवनावरील 'मृत्युंजय' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि मराठी घराघरांत पोहोचली. १९७९ मध्ये आलेल्या 'छावा'ने संभाजीराजांना वाचकांच्या काळजात बसवले. 'मृत्युंजय'ला भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार लाभला. १८ सप्टेंबर २००२ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले.