केतकर, वर्ण आणि अमेरिकेतील ‘हिंदू’

रायपूर म्हटले की आज भनपुरीचे कारखाने आठवतात. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ साली याच शहरात जन्मले, हे सहसा आठवत नाही. १९०६ साली ते अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठात शिकू लागले. त्या देशात भारतीय माणूस कोणत्याही धर्माचा असो, ‘हिंदू’च ठरे. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम येथील गोऱ्या जमावाने लाकूडगिरण्यांतील ‘हिंदू’ मजुरांना गावाबाहेर हुसकून लावले. ते बहुतांशी शीख होते.

या वातावरणात केतकरांनी सिद्ध केलेला जातिसंस्थेवरील इंग्रजी प्रबंध १९०९ साली इथाका येथे छापला गेला. आर्य-द्रविड हा वांशिक भेद परकीय पंडितांनी आखला. भारतीयांना तो प्रश्न कधी पडला नव्हता, आणि कातडीच्या रंगाचे महत्त्व केव्हाच लोपले होते, असे त्यांचे प्रतिपादन. (यातील शेवटचे विधान स्थळे पाहणाऱ्या मराठी घरांना मान्य होणे कठीण!) १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी केतकरांचे हे मत उचलून धरले व त्याचे कारणही सांगितले: युरोपीय अभ्यासक स्वतःच वर्णद्वेषाने ग्रासलेले, म्हणून त्यांना जातीच्या मुळाशी रंगच दिसला.

१९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा हक्क नाकारला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ नव्हते. शीख असलेल्या थिंद यांचा उल्लेख निकालपत्रात ‘उच्च जातीचा हिंदू’ असा आहे.