किटलीने दिलेली खबर

वृद्ध आजाऱ्याचा हालहवाल रोजच्या साध्या कामांतून कळतो. अमेरिकेत डॉ. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली अशा सहा गोष्टींचे मोजमाप मांडले : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण. ही नोंद माणूसच पाहून ठेवी.

जपानमध्ये २००१ साली झोजिरुशी कंपनीने विजेची एक किटली आणली. एकट्या म्हातारीने चहाला पाणी घेतले, की बिनतारी संदेशाने दूरच्या मुलाला ते कळे. असेच बिनतारी संवेदक स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी दारांना, पलंगांनाही लागले. कॅमेऱ्यापेक्षा मला हे बरे वाटते. माणसाची अब्रू राहते. पण मध्यरात्री दार का उघडले, हे संवेदक सांगत नाही. ते आपणच जवळ बसून विचारायचे असते.