बिडी न ओढणाऱ्या बायकांचं फुप्फुस : चुलीच्या धुराचा थोडा इतिहास

फुप्फुसाचा कॅन्सर म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "बिडी ओढायचे काय?" बाई आजारी असली की हा प्रश्न तिथेच संपतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातल्या जेमतेम 2 टक्के बायका धूम्रपान करताना आढळल्या. तरीही बायकांना हा आजार होतो, आणि त्यातल्या बहुतेकींनी आयुष्यात कधी बिडी ओढलेली नसते.

याचं उत्तर शोधायला जगाला वेळ लागला. ब्रिटिश डॉक्टरांवरची 1951 ची मोठी पाहणी, जिच्यामुळे सिगारेट बदनाम झाली, तिचे गाजलेले निष्कर्ष पुरुष डॉक्टरांचे होते. बायकांकडे नीट लक्ष गेलं ते 1981 साली. जपानच्या हिरायामांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या 91,540 बायकांची 14 वर्षांची नोंद मांडली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला धोका जास्त. तंबाखू कंपन्यांनी आरडाओरडा केला, पण निष्कर्ष टिकला.

दुसरा धागा स्वयंपाकघरातला. चीनच्या युनान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका सहसा धूम्रपान करत नाहीत, तरी त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर भयंकर. कारण निघालं घरात धुराडं नसलेल्या शेगडीवर जळणारा धुरकट दगडी कोळसा. लोकांनी धुराडी बसवली, आणि काही वर्षांनी बायकांचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. औषध नाही, मशीन नाही, फक्त छपराबाहेर काढलेला एक नळ! घरातल्या कोळशाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 'नक्की कॅन्सरकारक' म्हटलंय, लाकडाच्या धुराला 'बहुधा'. हा फरक लक्षात ठेवा, उगाच घाबरवायचं नाही. पण लाकडाच्या धुराने दमा-खोकल्यासारखे श्वासाचे जुने आजार होतात, त्यात शंका नाही.

आता आपलं बघा. चाकरमानी मुंबईच्या गिरणीत असायचा, घरात बाई आणि चूल. करूळ-भुईबावड्याच्या पायथ्याला चार महिने धो धो पाऊस, लाकडं ओली, दारं बंद, फुंकणी तोंडाला. त्यात उकड्या तांदळासाठी भात उकडायचं म्हणजे तासन् तास जाळ. शेजारी कणकवलीत अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात गोबरगॅसचे प्रयोग केले, ते याच्या कितीतरी आधी. सरकारने 1983 पासून देशभर सुधारित चुली वाटल्या. अनेक लवकरच मोडल्या आणि 2002 साली ती योजना केंद्राने गुंडाळली. मग 2016 ला उज्ज्वला आली. सिलिंडर आला, चूल मात्र गेली नाही. आमच्या शेजारची काकी सरळ म्हणते, "गॅस म्हाग पडता, न्हाणयेच्या पाण्याक लाकडांच बरी." तिचा हिशेब चुकीचा नाही, भरलेला सिलिंडर तिच्या खिशाला परवडत नाही हा खरा मुद्दा.

आणि कासार्ड्याच्या सिलिका वाळूबद्दल आपण फार कमी बोलतो. सिलिकाची बारीक धूळ 1997 पासून 'नक्की कॅन्सरकारक' यादीत आहे. खाणीवर, वाळू धुण्या-चाळण्याच्या कामावर जो कोणी जातो, बाई असो वा पुरुष, त्याला मास्क आणि ओली चाळण मिळते का, हे ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे?

सगळ्यात वाईट गोष्ट निदानाची. बाईचा खोकला हटत नाही, एक्स-रेत डाग दिसतो, टीबी धरून गोळ्या सुरू होतात. टीबी आपल्याकडे आहेच, त्यामुळे शंका रास्त. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना आणि गोळ्यांनी फरक पडत नसताना महिने जातात, आणि मुंबईला नेईपर्यंत ऑपरेशनची वेळ टळलेली असते. टीबीच्या गोळ्या सुरू करून दोन महिने झाले, तरी वजन उतरतंय, थुंकीत रक्त दिसतंय, तर सीटी स्कॅनचं डॉक्टरला स्वतःहून विचारा. "ती तर बिडी ओढत नाही" हे कारण ऐकून घेऊ नका.