हमाम, सराय आणि संडास

मुलाला परदेशी नोकरी लागली की घरातली वडीलधारी माणसे हळूच विचारतात, "तिकडे संडासात पाणी असते ना?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परमुलखात गेलेल्या माणसाला अन्न, भाषा, हवा यांची सवय होते. पण निवारा, पाणी आणि परसाकडची सोय पहिल्या दिवसापासून लागते. आमच्या बुऱ्हाणपुरालाही एकदा असा परदेशी पाहुणा आला होता.

इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून नोव्हेंबर 1615 मध्ये येथे पोचला. जहांगीराचा शहजादा परवेझ तेव्हा येथे होता. वकिलाला सरायीत चार खोल्या मिळाल्या. त्या विटांच्या, वर गोल, भट्टीएवढ्या लहान होत्या, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या सोडून तो आपल्या तंबूत राहिला आणि येथेच तापाने आजारी पडला. पुढे अजमेरला जहांगीराच्या खासगी दरबारात तो जाऊ लागला. त्या दरबाराचे नाव होते गुसलखाना, म्हणजे न्हाणीघर! आपण घरात मोरी म्हणतो आणि बाजारात गुसलखाना. या शब्दाचे एके काळी केवढे वजन होते ते यावरून कळावे.

तापीकाठच्या शाही किल्ल्यातला हमाम आजही पाहता येतो. छतावरची रंगीत नक्षी अंधारातही उठून दिसते. पाहुण्यांना मी तेथे नेतो, तेव्हा प्रत्येकजण मान वर करून पाहतो. माझी नजर मात्र खाली, पाण्याच्या वाटांकडे जाते. हे पाणी आले कुठून?

त्याचे उत्तर शहराबाहेर आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झरे भुयारांनी जोडून शहराकडे आणले गेले. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली, असे सांगतात. शंभरच्या आसपास कुंड्या, खाली भुयार, आणि पाणी केवळ उतारावरून वाहणारे. मोट नाही, रहाट नाही. हाच कुंडी भंडारा. 2024 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत त्याचे नाव गेले. भुयारात साचणारा चुना मात्र वाट अरुंद करीत आहे.

योगायोग असा की रो ज्या देशातून आला, त्याच्या राजधानीतही तेव्हा नवे पाणी आले होते. दूरचे झरे साठेक किलोमीटर लांबीच्या उघड्या कालव्याने, उतारावरूनच, लंडनला आणले गेले, साल 1613. दोन शहरे, एकच युक्ती.

पण पाणी आत आणणे ही निम्मीच गोष्ट. मैला बाहेर कसा जातो? लंडनमध्ये घराखालचे खड्डे रात्री माणसे उपसत. 1596 मध्ये जॉन हॅरिंग्टनने पाण्याने धुतला जाणारा संडास वर्णिला, तरी तो घरोघर यायला काही शतके गेली. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले, तेव्हा कुठे मोठ्या गटारांचे काम झपाट्याने सुरू झाले. आणि आपल्याकडे? जुन्या पेठांतले टोपलीचे संडास ज्यांनी पाहिले, त्यांना मागच्या बोळातून डोक्यावर टोपली घेऊन जाणारी बाई आठवत असेल. पुढच्या दाराने पाणी येई. मागच्या दाराने ती जाई. तिच्यासाठी कायदा 1993 साली झाला, अधिक कडक कायदा 2013 साली. तरीही गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

2022 मध्ये आमचा जिल्हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. अभिमानाची गोष्ट आहे. परदेशी जाणाऱ्या मुलाला आपण सांगतोच, सोबत एखादे टमरेल ठेव, कारण तिकडे अनेक ठिकाणी नुसता कागद असतो. त्याच्याबरोबर दुसरेही सांगावे: तिथला मैला कोण उचलतो, कशाने उचलतो, ते पाहून ये, आणि परतल्यावर आपल्या बोळात तोच प्रश्न विचार.