एन्सेलॅडसचे गुरुत्वमापन

एन्सेलॅडस हा शनीचा सुमारे ५०० कि.मी. व्यासाचा बर्फाच्छादित उपग्रह आहे. त्याच्या दक्षिण ध्रुवाकडून अवकाशात उडणारे जलबाष्प व हिमकणांचे फवारे कॅसिनी अवकाशयानाला २००५ साली आढळले. हे पाणी कोठून येते, याचा महत्त्वाचा पुरावा गुरुत्वमापनाने दिला.

पद्धत

उपग्रहाजवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे यानाचा वेग किंचित बदलतो. त्यानुसार यानाकडून पृथ्वीवर येणाऱ्या रेडिओ लहरींची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे बदलते. २०१० ते २०१२ या काळात यान तीन वेळा जवळून गेले असता सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी असे वेगातील फरक मोजले गेले.

निष्कर्ष

दक्षिण ध्रुवाजवळचा पृष्ठभाग सुमारे १ कि.मी. खोलगट आहे. तेथे वस्तुमान कमी, म्हणून गुरुत्वाकर्षणही कमी असावयास हवे. प्रत्यक्षात आढळलेली घट अपेक्षेहून बरीच लहान होती. अर्थात ही उणीव भरून काढणारा, बर्फाहून अधिक घनतेचा पदार्थ खाली असला पाहिजे. तो पदार्थ म्हणजे द्रवरूप पाणी होय, असे लुचानो इएस व सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडले. त्यांच्या मते ३० ते ४० कि.मी. जाडीच्या बर्फाखाली सुमारे १० कि.मी. खोल समुद्र आहे.

मर्यादा

भिन्न अंतर्रचनांचे गुरुत्वाकर्षण सारखे असू शकते. म्हणून अन्य निरीक्षणांची जोड आवश्यक ठरते. परिवलनातील सूक्ष्म आंदोलनांच्या मोजमापावरून हा समुद्र ध्रुवापुरता मर्यादित नसून संपूर्ण उपग्रहभर पसरलेला आहे, असे २०१५ साली दिसून आले.