वस्तऱ्याची मूठ

वस्तऱ्याचा इतिहास बहुधा पोलादाचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. इंग्लंडमधील शेफील्ड परिसरात १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत वितळवलेले एकजिनसी पोलाद तयार केले आणि पात्याला पूर्वी कधी न आलेली धार आली. पुढे जर्मनीतील सोलिंगेनच्या कारागिरांनी दोन्ही बाजू खोलगट घासलेल्या पात्यांसाठी नाव मिळवले. या कथेत मुठीला जागा नाही. वास्तविक शे-दीडशे वर्षांपूर्वीचा वस्तरा डागडुजीसाठी पुढ्यात येतो तेव्हा अनेकदा पाते वाचवण्याजोगे असते. तडकलेली, वाकलेली, किडीने खाल्लेली असते ती मूठ. आणि त्या वस्तऱ्यावर काय काय गुजरले, हे पात्यापेक्षा तीच अधिक सांगते.

मुठीची रचना साधी आहे. दोन पातळ पट्ट्या, त्यांच्या शेपटाकडे शिशाची वा शिंगाची लहानशी पाचर, आणि हे सारे धरून ठेवणारे दोन-तीन बारीक खिळे. यांपैकी एका खिळ्याभोवती पाते फिरते. मिटल्यावर ते पट्ट्यांच्या बरोबर मधे, कशालाही न टेकता राहिले पाहिजे. पाचरेचा उतार किंचित चुकला तरी धार पट्टीला घासते. पट्ट्या शिंगाच्या, हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या कवचाच्या असत. शिंग तापवले की मऊ होते आणि साच्यात दाबून त्यावर नक्षी उठवता येते. पण ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे असल्याने वाळून खिळ्यांपाशी तडकते, त्याचे पदर सुटतात, आणि काही भुंगेऱ्यांच्या अळ्या ते आवडीने खातात. हस्तिदंत आफ्रिकेतून, कवच उष्ण कटिबंधातील समुद्रांतून. युरोपातील एका गृहस्थाच्या सकाळच्या दाढीसाठी केवढा हा भूगोल कामी येत होता!

हा महाग भूगोल टाळण्याची युक्ती रसायनशास्त्राने काढली. १८६२च्या लंडन प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्सने आपले 'पार्कसीन' मांडले. १८७० साली अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधणे हा त्याचा मूळ उद्देश होता. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस आणि कापूर, एवढेच मुख्य घटक. त्यातून हस्तिदंत हुबेहूब साधे, इतके की दाताच्या रेषाही खोट्या उमटवल्या जात. अशी मूठ अंगठ्याने जोरात चोळली, तर आजही कापराचा वास येतो.

पण कापूर तो कापूरच. उडून जाणे हा त्याचा धर्म. तो जसजसा उडतो तसतशी पट्टी आकसते, ठिसूळ होते. त्याहून वाईट म्हणजे मूळ द्रव्यच विघटित होऊन नायट्रोजनचे वायू सोडू लागते; दमट हवेत त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल विघटनाला आणखी वेग देते. खिळ्यांच्या पितळी चकत्या हिरव्या पडतात. पाते गंजते ते नेमके मिटल्यावर जिथे झाकले जाते तिथे. ज्या मुठीने धारेचे रक्षण करायचे, तीच तिला खाते. बंद पेटीत शेजारी ठेवलेला निरोगी वस्तराही यातून सुटत नाही. हस्तिदंती रंगाच्या पट्ट्यांत मिसळलेले झिंक ऑक्साइड आम्ल काहीसे शोषून घेते, म्हणून त्या पुष्कळदा तग धरतात. कासवाच्या कवचाची नक्कल करणाऱ्या पारदर्शक पट्ट्या मात्र लवकर जातात.

मूकपटांच्या काळातील फिल्मही याच कुळातील. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाचा मोठा ठेवा राख झाला. सेल्युलॉइडचा नाश ही काही केवळ छंदिष्टांची चिंता नव्हे, एवढ्यासाठी हा उल्लेख. असो.

आता प्रश्न डागडुजीचा. समजा, पात्याच्या मानेवर चौथ्या विल्यमच्या (१८३०–३७) मुकुटासह आद्याक्षरांचा ठसा आहे आणि मूठ सेल्युलॉइडची आहे. म्हणजे मूठ पात्याहून किमान तीसेक वर्षांनी धाकटी. पहिली मोडली असेल. कुणीतरी वस्तरा टाकून न देता त्याला नवी मूठ बसवली. काही शिंगाच्या मुठींवर तडेला जोडणारी पितळी पट्टी ठोकलेली दिसते, तीही अशीच साक्ष. 'मूळ रूप' आणण्याच्या उत्साहात हे जोड काढून जुन्या वळणाची शिंगाची मूठ चढवली, तर वस्तरा देखणा होतो. पण मधली माणसे त्यातून पुसली जातात. नव्या मुठीला मुद्दाम चहाच्या पाण्यात रंगवून जुनेपण देणे ही तर सरळ बनवाबनवी होय.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अनोळखी वाटू नये. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संशयित पाठाखाली नागमोडी रेघ आहे आणि बाजूला सारलेले पाठ तळाशी व परिशिष्टांत जपले आहेत. संहिता सिद्ध झाली, पण ती कशी सिद्ध केली हे लपवले नाही. रोममधील पुनरुद्धार संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी १९६३च्या आपल्या ग्रंथात चित्रशिल्पांबाबत जवळपास हेच मागितले: भरलेली जागा दुरून खटकू नये, जवळून मात्र ओळखू यावी.

सेल्युलॉइडपुढे या तत्त्वाची खरी कसोटी लागते. शिंगाची तडकलेली मूठ सरसाने सांधून जागेवर ठेवता येते, आणि माझ्या मते ठेवावीच. सडू लागलेली सेल्युलॉइडची मूठ तशीच ठेवली तर पाते जाईल. काढली तर दोघांचे नाते तुटेल. इथे काढणेच भाग आहे. खिळ्याचे ठोकून पसरवलेले डोके कानशीने घासून खिळा हलकेच मागे सारायचा, गंज पुसायचा, नवी पाचर आणि साधी, नवी दिसणारी मूठ बसवायची, आणि आतल्या बाजूस वर्ष कोरायचे. जुन्या पट्ट्या फेकायच्या नाहीत. छायाचित्र काढून, हवा खेळेल अशा कागदी पाकिटात, पात्यापासून दूर त्या ठेवायच्या. पाकिटावर कोणत्या वस्तऱ्याची मूठ, ते लिहायचे. काही वर्षांनी त्या पाकिटात चुरा उरेल.