नळीविना श्वासाला आधार

सन २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या लाटांत छत्रपती संभाजीनगरच्या (तत्कालीन औरंगाबाद) घाटी रुग्णालयात मराठवाड्यातील गंभीर रुग्ण दाखल होत होते. ‘बायपॅप’ हा शब्द याच काळात घरोघरी पोहोचला. श्वासनलिकेत नळी न घालता, नाकातोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबयुक्त हवा व ऑक्सिजन देण्याची ही पद्धत होय.

विषाणूजन्य न्यूमोनियात फुफ्फुसांतील वायुकोश द्रवाने भरतात किंवा मिटतात. रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि साध्या मास्कने भागत नाही. अशा वेळी ‘सीपॅप’ यंत्र सतत एकसमान दाब ठेवून वायुकोश उघडे राखते. ‘बायपॅप’मध्ये श्वास घेताना अधिक, तर सोडताना कमी दाब मिळतो, त्यामुळे श्वसनाच्या स्नायूंवरील ताण हलका होतो. ‘हाय फ्लो’ पद्धतीत नाकावाटे उबदार, दमट ऑक्सिजन मिनिटाला ६० लिटरपर्यंत देता येतो.

उपयोग किती?

ब्रिटनमधील कोरोना रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नळी घालावी लागणे अथवा ३० दिवसांत मृत्यू होणे, यांचे एकत्रित प्रमाण साध्या ऑक्सिजनवर ४४.४ टक्के, तर सीपॅपवर ३६.३ टक्के होते. हा लाभ प्रामुख्याने नळी टळण्याचा होता. हाय फ्लोबाबत असा ठोस फरक दिसला नाही.

धोका विलंबाचा

रुग्ण शुद्धीवर व सहकार्य करणारा असेल, तरच हा उपाय योग्य ठरतो. बेशुद्धी, सततच्या उलट्या किंवा रक्तदाब ढासळलेला असल्यास तो टाळावा लागतो. पहिल्या एक-दोन तासांत श्वासाचा वेग व धाप कमी न झाल्यास नळी घालण्याचा निर्णय लांबवणे जिवावर बेतू शकते. मास्क सैल असल्यास दाब टिकत नाही आणि ऑक्सिजनही वाया जातो.

केवळ यंत्रांच्या संख्येवर विसंबता येत नाही, हे याच शहराने अनुभवले. केंद्राकडून घाटीला मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष असल्याची बाब मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली. केंद्राने मात्र यंत्रांच्या वापरातील त्रुटींकडे बोट दाखवले. वाद कोणाच्याही बाजूने सुटो. चालू स्थितीतील यंत्र, अखंड ऑक्सिजन आणि खाटेपाशी दक्ष परिचारिका यांपैकी एकही नसेल, तर मास्कचा आधार पोकळ ठरतो.